त्यापुढचं वाक्य

ओवेस कुकरच्या शिट्टीच्या भोकात काडी घालून ती साफ करत होता, आणि वजीरा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्याच्या पाठीकडे बघत होती. लेक मेहविश सातवीत गेली तरी या माणसाला घरात मिठाची बरणी कुठे असते ते ठाऊक नव्हतं. आता तो कुकर उघडून बसला होता.

"राहू द्या, मी करते," ती म्हणाली.

"का? कुकर काय तुझ्या एकटीचा आहे?" तो हात पुसत वळला. तिच्याकडे नीट बघून त्याने विचारलं, "हे आपण आधीच वाटून घ्यायला हवं होतं. तुला काय वाटतं?"

हे 'तुला काय वाटतं' सुद्धा नवीनच होतं. वजीरा काहीबाही उत्तर द्यायची, आणि तो मान किंचित कलती करून ते पूर्ण ऐकून घ्यायचा. मध्ये तोडायचा नाही. मग थोड्या वेळाने उठून गॅलरीत जायचा आणि फोनवर भराभर काहीतरी टाइप करायचा. ती कपडे वाळत घालायला गेली की फोन खिशात जायचा.

ओवेस सरखोत मस्कतजवळच्या अल खौदमधल्या एका खाजगी कॉलेजात इंग्लिश शिकवायचा. दोन महिन्यांपासून दर शनिवारी संध्याकाळी तो मदिनत सुलतान काबूस या वस्तीत मादाम ओदील नावाच्या एका फ्रेंच बाईंच्या घरी वाचनमंडळाला जाऊ लागला होता. तिथे काय वाचता, असं वजीराने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"फ्रेंच बायकांचं तत्त्वज्ञान. त्यांची चळवळ. पुरुष म्हणजे माणूस आणि बाई म्हणजे त्याच्यापेक्षा वेगळी, दुसरी कोणीतरी, असं जगाने का धरून ठेवलं, यावर त्यांनी फार खोल विचार केलाय."

"फ्रेंच बायकांचं की फ्रेंच बाईचं?"

तो हसला होता. जरा जास्तच मोठ्याने हसला, असं तिला नंतर वाटत राहिलं.

शेजारच्या खुदेजाभाभीला तिने हे सांगितलं. भाभी रत्नागिरीकडची, मस्कतमध्ये मुरलेली. तिने चहाचा कप खाली ठेवला.

"भांडी घासतो?"

"घासतात. परवा मेहविशची वेणीसुद्धा घालायला बसले होते."

"आणि मारून मुटकून नाही, हसत करतो?"

"हसत."

"मग बघ गो बाय," भाभी आवाज खाली आणून म्हणाली. "माझ्या नणंदेचा नवरा असाच सुधारला होता. सहा महिन्यांत सलालाहला दुसरं घर निघालं."

वजीराने तिथल्या तिथे ते हसण्यावारी नेलं. पण घरी आल्यावर तिने ओवेसचे शर्ट धुवायला टाकण्याआधी नाकाशी धरून बघितले. घामाचा वास होता, बाकी काही नाही. तरीही तिची खात्री पटली नाही. उलट इतका निर्मळ वास आल्यामुळेच संशय वाढला.

पुढच्या शनिवारी त्याने स्वतःचा निळा शर्ट स्वतः इस्त्री केला.

"आज मलाच बोलायचंय," तो आरशात बघत म्हणाला. "जमलं तर पुढे एका परिषदेतही वाचता येईल."

"मी येऊ?"

त्याचा हात कॉलरवर थांबला. "तुला कंटाळा येईल. सगळं इंग्लिशमध्ये असतं."

वजीराने लग्नाआधी म्हसळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवलं होतं. तिला इंग्लिश येत होतं आणि ते त्याला माहीत होतं. गाडी गेल्याचा आवाज आला तशी तिने मेहविशला भाभीकडे पाठवलं, अंगभर अबाया चढवून गुंड्या लावल्या आणि टॅक्सी बोलावली. त्या घराचा पत्ता तिच्या फोनमध्ये होता. मागे एकदा गाडी बंद पडली तेव्हा त्यानेच पाठवलेला.

वाटभर ती त्या बाईचा चेहरा मनाशी रंगवत होती. उंच, सोनेरी केस, उघडे खांदे. दार उघडलं ते सत्तरी ओलांडलेल्या, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या एका म्हातारीने. मादाम ओदील म्हणजे याच, मस्कतमध्ये नोकरीला असलेल्या आपल्या लेकीकडे राहणाऱ्या. पॅरिसच्या रस्त्यावर मोर्चे काढल्याचं ओवेस सांगायचा; किती वर्षांपूर्वी, ते त्याने कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी वजीराला कोण, कुठली, काहीच विचारलं नाही. ओठांवर बोट ठेवून आत घेतलं, कारण बोलणं सुरू झालं होतं.

दिवाणखान्यात वीसेक माणसं होती, बहुतेक बायका. वजीरा मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली आणि एकेकीला न्याहाळू लागली. पुढच्या रांगेत मोरपंखी रुमाल बांधलेली एक तरुण मुलगी ओवेसच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होती. ही असेल. वजीरा तिच्या मानेकडे एकटक बघत राहिली. त्यामुळे नवरा काय बोलतोय इकडे तिचं लक्षच नव्हतं.

मग एकाएकी खोलीत शांतता झाली आणि त्याचं वाक्य तिच्या कानावर आलं.

"नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बाई," ओवेस इंग्लिशमध्ये म्हणत होता, "तिच्या स्वतःच्या घरात पाहुणी असते. आणि गंमत अशी, की त्याच घरात इतर सगळ्या पाहुण्यांची सरबराई तीच करत असते."

मोरपंखी रुमालवाली भराभर लिहून घेऊ लागली. कोणीतरी "वा" म्हणालं.

वजीराला ते वाक्य आधी ओळखू आलं नाही. आपल्याच लेकराला परक्याचे कपडे घातलेले दिसावेत तसं झालं. मग आठवलं. गावाकडून नोकरी शोधायला आलेली दोन पोरं तेव्हा त्यांच्याकडे उतरली होती. ती सगळ्यांसाठी कोळंबी सोलत बसली होती. ओवेसने विचारलं होतं, तुला या घरात कसं वाटतं? आणि तिने कोळंबीच्या पाठीतला काळा धागा नखाने ओढता ओढता हेच सांगितलं होतं, आपल्या मराठीत, वर न बघता. तो उठून गॅलरीत गेला होता.

म्हणजे त्या फोनवर कोणीच नव्हती. पलीकडून कोणाचं उत्तर येत नव्हतं. तो फक्त लिहून घेत होता.

तिला हायसं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही.

"हे तुमच्या लक्षात कसं आलं?" मादाम ओदीलनी विचारलं.

"निरीक्षण," ओवेस म्हणाला. "घरात डोळे उघडे ठेवले की..."

तेवढ्यात त्याला ती दिसली. त्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"त्यापुढे अजून एक वाक्य होतं," वजीरा म्हणाली. तिचं इंग्लिश सावकाश होतं, पण त्यात चूक नव्हती. सगळ्या माना मागे वळल्या. "यांनी ते गाळलं."

"कुठलं?" मादामनी विचारलं.

"पाहुण्याला निदान कधी निघायचं ते ठरवता येतं."

मोरपंखी रुमालवाली लिहायची थांबली होती. तिने एकदा ओवेसकडे पाहिलं, एकदा वजीराकडे, आणि आपल्या शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली.

वजीरा पुढे जाऊन त्या खुर्चीवर बसली.

मादाम ओदील कोरडं हसल्या. "आमच्या वेळी सभेत पुरुषांना बोलू द्यायचं की नाही, यावरूनच तासन्‌तास भांडणं व्हायची," त्या म्हणाल्या. "बोला मिस्टर सरखोत, तुमचं पूर्ण करा."

ओवेसने पूर्ण केलं. पण ते आता कोणी फारसं ऐकत नव्हतं.

परतताना गाडी हायवेला लागली.

"मी शेवटी तुझं नाव घेणार होतो," तो म्हणाला.

"बरं."

"खरंच, वजीरा. पोरीची शपथ."

"पोरीला मध्ये आणू नका."

डावीकडचा डोंगर काळवंडत चालला होता. एक पेट्रोल पंप गेला, मग मशिदीचा पांढरा घुमट गेला.

"मादाम तुझ्याशी दारात बराच वेळ बोलत होत्या."

"पुढच्या महिन्यात बोलशील का, विचारत होत्या. मी हो म्हटलं."

ओवेसने वळून तिच्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "चांगलं आहे की. छान झालं." स्टीअरिंगवरची त्याची बोटं उघडली आणि मिटली. "कशावर बोलणार?"

"अजून ठरवलं नाही."

"साधारण?"

"घराबद्दल बोलेन बहुतेक."

गाडी अल खौदच्या फाट्याला वळली. सिग्नल लाल होता. त्याने ब्रेक लावला आणि पुढे बघतच, अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं:

"म्हणजे, आपल्या घराबद्दल?"

वजीराने काच खाली केली. बाहेरची उष्ण, खारट हवा आत आली आणि तिने त्यात तोंड धरलं.