कोसा धुवावा लागत नाही म्हणे

मी एक आसन आहे. कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, जाड सुताचं, दोन हात लांब, दीड हात रुंद. माझ्यावर बसायचं असेल तर आधी तोंड रिकामं करून या. आल्याआल्या असं बोलणं बरं दिसत नाही, पण माझ्यावर जे सांडलं ते तुमच्यावर सांडलं असतं, तर तुम्हीही हेच बोलला असता.

माझा जन्म आंधळगावचा. चांगल्या कोशांचं सूत साड्यांना जायचं. फुटके कोसे उरायचे, ते कौशल्याबाई पुढ्यात घेऊन बसायची आणि उघड्या मांडीवर वळून वळून त्यांचं सूत काढायची. मांडीवर घट्टा पडला होता तिच्या. तासन्‌तास एक शब्द नाही. कधी बोललीच, तर गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याबद्दल बोलायची. "मी इथंच बसून हाओ, अन् माहं माहेर दुसऱ्या जिल्ह्यात गेलं," म्हणायची आणि स्वतःच हसायची. त्या सुतातून तिच्या नवऱ्यानं, खेमराजनं, मला विणलं.

मला विकत घेतलं लाखनीच्या नीलेशनं. हायवेला लागून त्याचं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान, मागे घर. तीन दिवसांचं ध्यान शिबिर करून तो नुकताच आला होता. तिथल्या मंडळींनी आपसात ठरवलं होतं, चाळीस दिवस रोज बसायचं आणि बसल्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा.

"धुवाचं कसं हे?" नीलेशच्या बायकोनं, हर्षानं, विचारलं.

"कोस्याले धुवा लागत नाही. सोवळा असते तो," नीलेश म्हणाला.

आपल्याकडे सगळे असंच मानतात. मलाही तेव्हा मोठा मान वाटला. मूर्ख होतो मी.

पहिल्याच सकाळी नीलेशनं पन्नीत घोटलेला सुपारी-तंबाखूचा खर्रा तोंडात भरला आणि तो माझ्यावर मांडी घालून बसला. त्याचं म्हणणं, खर्रा तोंडात असला की तोंड आपोआप बंद राहतं आणि मौन नीट पाळलं जातं. वर डोळे मिटलेले, चेहरा शांत. खाली मला सगळं कळत होतं. पाय चाळवत होते, ढुंगण एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर जात होतं, आणि गालात लाळ साचली की तो घाईनं फोटो उरकायचा. फोटो काढायला त्याची दहा वर्षांची मुलगी तेजस्विनी समोर उभी असायची. शाळेला उशीर झाला तरी फोटो आधी. फोटोखाली लोक हात जोडायचे. मला किळस यायची.

तेविसाव्या दिवशी हर्षा बाहेर नळाचं पाणी भरत होती. आत दूध उतू जायला लागलं.

"अहो, दूध चाललं ना! गॅस बंद करा!" ती ओरडली.

नीलेशनं डोळे न उघडता एक बोट वर केलं. म्हणजे मौन.

हर्षा धावत आली. दूध ओट्यावरून खाली वाहत होतं. तिचा राग मी ऐकून होतो, त्या दिवशी पाहिला. पोळी उलटायचा लोखंडी सराटा तिनं उचलला आणि नीलेशच्या दिशेनं भिरकावला. तो लागला समोर फोटो काढणाऱ्या तेजस्विनीला, भुवईच्या वर. मोबाइल पडला. नीलेशचं तोंड उघडलं आणि आतलं सगळं माझ्यावर सांडलं. मुलीला त्यानं पोटाशी धरलं तेव्हा तिच्या रक्ताचे दोन थेंबही त्याच घाणीशेजारी पडले.

चार टाके पडले तिला. दुसऱ्या दिवशी नीलेश काय म्हणाला? "माहा दिवस मोडला!" त्यानं बसणं सोडलं आणि मला दुकानातल्या स्टुलावर टाकलं. मग ग्रीसचे हात माझ्यावर पुसले गेले. उंदीर मुतले. कुणी मला उन्हातसुद्धा टाकलं नाही. कोसा ना मी, सोवळा.

दोन महिन्यांनी हर्षा दुकानात आली आणि तिनं मला स्टुलावरून ओढलं.

"कायले पायजे तुले?" नीलेशनं विचारलं.

"बसाले."

"तू? दोन मिनिटं तरी गप राहशीन का?" तो हसला.

"पोरगी भेते मले. केस विंचराले हात वर केला का डोळे मिटते. वेण्या घालाले रोज शेजारच्या गोदावरीबाईकडे जाते." एवढं बोलून ती मला काखेत मारून निघाली.

तिनं वेळ ठरवली. नळ गेला की, चहाच्या आधी. उदबत्ती अर्धी मोडायची, ती विझेपर्यंत बसायचं. शिकवायला कोणी नव्हतं. येणारा जाणारा श्वास पाहायचा, एवढंच तिला माहीत होतं. तीही काही संतीण नव्हती हो. पहिला आठवडा ती मनात नवऱ्याशी भांडली. कसं कळलं? माझी कड तिनं मुठीत आवळली होती, चार धागे तुटले. बाहेर ट्रक हॉर्न मारायचे, ती दात खायची. तरी उदबत्ती विझेपर्यंत उठायची नाही. एकदा लग्नासाठी कोंढ्याला माहेरी गेली, आठ दिवस बुडाले. परत आली, दुसऱ्या सकाळी नळ गेल्यावर बसली. मोडलेल्या दिवसांचा तिनं गाजावाजा केला नाही.

पावसाळा संपता संपता एका सकाळी ती बसलेली असताना तेजस्विनीच्या हातून पिठाचा डबा सांडला. हर्षाचा हात वर गेला. मुलीनं डोळे मिटले. मग तो हात खाली आला आणि हर्षानं तो स्वतःच्या मांडीखाली दाबून धरला. तेजस्विनीनं एक डोळा उघडून ते पाहिलं.

"ये, बस माह्याजवळ," हर्षा म्हणाली.

"त्याच्यावर? शी! किती वास मारते ते!"

"अवं, कोसा हाये. सोवळा असते."

"घाण हाये, आई."

हर्षा उठली. मग तिनं मला नाकाजवळ नेलं आणि तोंड फिरवलं. एवढे दिवस माझ्यावर बसून बाईनं मला एकदा हुंगलं नव्हतं!

तिनं रिठे भिजवले. अंगणात मला पसरून ती हातानं चोळू लागली. काळं पाणी निघालं, मग तपकिरी. माझीच मला शिसारी आली. खर्र्याचा डाग फिका झाला आणि त्याच्या बाजूचे दोन थेंब दिसू लागले. तिचा हात थांबला. आजवर ती मुलीला एकच सांगत आली होती, तुह्या बाबाले मारला होता, तुले नाही.

"तेजू," ती म्हणाली, "सराटा मी फेकला. तुले लागला. माहं चुकलं बाई."

मुलगी आत निघून गेली.

मी दोन दिवस उन्हात वाळलो. तिसऱ्या सकाळी उदबत्ती विझली तेव्हा तेजस्विनी फणी घेऊन आली. माझ्यावर वाकली, हुंगलं, आणि आईकडे पाठ करून बसली.

"दोन वेण्या पायजे," ती म्हणाली. "पण हात पहिले दाखव, मंग वर ने."

हर्षानं दोन्ही हात तिच्यासमोर धरले, उताणे. मग हळूच वर नेले. पोरीचे खांदे आधी ताठ झाले. तिनं डोळे मात्र उघडे ठेवले.

तेवढ्यात दारात नीलेश. गाल फुगलेला, हातात मोबाइल. "असंच बसा. ग्रुपवर टाकतो."

"पहिले चूळ भरून या," हर्षा म्हणाली. आवाज चढला नाही.

तो चूळ भरून येईपर्यंत दोन्ही वेण्या घालून झाल्या होत्या आणि मला दोरीवर टाकलं होतं.

डाग अजून आहे. पावसाळी हवेत थोडा वासही येतो, आणि आला की मला सगळं आठवतं. म्हणून एकच मागतो. बसायचं तर रोज बसा, अर्धी उदबत्ती का होईना. आणि मला सोवळा म्हणू नका, आठवड्यातून एकदा धुवा.