ताईच्या झोपेसाठी

भावोजी गेल्यापासून ताईची झोप उडाली होती. गोळ्या झाल्या, काढे झाले, माझी भाषणंही झाली. डोळ्याला डोळा नाही. शेवटी तीच म्हणाली, "तू ते संथ, न संपणारं संगीत करतेस ना, लोकांना जांभया आणणारं? ह्यांच्या विंड चाइमचं करून दे मला."

पडत्या फळाची आज्ञा. भावोजींनी पितळी नळ्या स्वतः कापून गॅलरीत टांगल्या होत्या. जाता-येता फुंकर मारून त्या वाजवायची त्यांना खोडच. मी माइकला वाऱ्याची घरघर अडवणारी केसाळ टोपी घालून तो गॅलरीत ठेवला, दार ओढलं आणि आम्ही दोघी आत बसलो. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. नळ्या मात्र किणकिणत होत्या.

"वरच्या मजल्यावर वारा असतोच," ताई म्हणाली. मीही मान डोलावली.

घरी येऊन आवाज साफ करायला घेतला. त्याची रीत अशी, की दोन किणकिणींमधला शांत तुकडा संगणकाला दाखवायचा. तो म्हणजे कचरा, असं पटलं की संगणक तसला कचरा सगळीकडून उपसून काढतो. काय उपसलं तेही वेगळं ऐकता येतं. मी सवयीने ऐकलं.

कचऱ्यात श्वास होता. आत, बाहेर. बाहेर पडला की नळी वाजायची. मधूनच एक बारीक शिट्टी, भावोजींच्या दम्याची.

मी खुर्ची मागे सरकवली. मग उठून, काही सुचेना म्हणून, गॅस बंद आहे ना ते पाहून आले.

ताईला साफ केलेलंच ऐकवलं. "छान आहे," ती म्हणाली, "पाहुण्यांसाठी आवरलेल्या खोलीसारखं." आणि टक्क जागी राहिली. तिचे खोल गेलेले डोळे बघवेनात. मग मी कचरा परत मिसळला, नेहमीसारखं सगळं चौपट संथ केलं आणि दुपारी तिला माझ्या सोफ्यावर आडवं करून लावलं.

"अगं बाई," एवढंच म्हणाली आणि ढाराढूर झोपली. मी पायांवर शाल टाकून कौतुकाने बघत बसले.

बघत होते म्हणूनच लक्षात आलं. तिचा श्वास त्या श्वासाशी जुळत चालला होता. आणि तो तर मीच लांबवलेला. आत गेला की बाहेर यायचं नावच घेईना. ओठ फिके पडायला लागले.

मी झटकन आवाज बंद केला. ताईने डोळे उघडले नाहीत.

"लाव ना गं परत," ती पुटपुटली. "हे मुद्दाम हळू चालतायत माझ्यासाठी. आता गाठतेच मी त्यांना."

"गाठतेस काय! ऊठ आधी!" मी तिला गदागदा हलवलं. ती दचकून उठली, ओक्साबोक्शी रडली, मला नाही नाही ते बोलली. बोलू दिलं. बोलायला श्वास लागतो.

ती फाइल मी तिच्यासमोर पुसली. तेव्हापासून ताई माझ्याकडेच असते. झोपत नाही, मला माफही करत नाही. तिच्या गॅलरीत नळ्या अजून टांगलेल्याच आहेत. रोज तिच्या घराची किल्ली मागते, आणि मी देत नाही.