थे म्हणतेत

लखननं मराठीसाठी दोन दाबलं, फोन स्पीकरवर टाकून अंगणातल्या खाटेवर ठेवला आणि कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभा राहिला.

"कृपया आपली अडचण एका शब्दात बोला," फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली.

लखनच्या गळ्याला पांढरा रुमाल होता आणि रुमालाखाली भोक. सावंगीच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून त्याचा जीव वाचवला, त्याला आता तीन वर्षं होत आली. तेव्हापासून श्वास त्या भोकातून यायचा-जायचा. शब्द मात्र एकही बाहेर पडत नव्हता. त्यानं संतापून जोरात श्वास सोडला.

"आपण म्हणालात, पुस्तिका. बरोबर असल्यास एक दाबा."

लखननं फोनवर मूठ उगारली. भोकातून पुन्हा हवा सुटली.

"आपण म्हणालात, हप्ता. बरोबर असल्यास…"

त्यानं उशी उचलून फोनवर आदळली. उशीखालून बाई तितक्याच गोडीनं बोलत राहिली.

त्याची बायको अंजू चुलीपाशी भाकर थापत होती. ती पिठाच्या हातानंच बाहेर आली, उशी बाजूला केली आणि फोनवर वाकली.

"माणूस द्या," ती म्हणाली. "जित्ता माणूस."

हे मात्र फोनला कळलं. सनई वाजायला लागली.

खाटेवर फोनशेजारी ते यंत्र पडलं होतं. हाताच्या पंजाएवढं, काळं, बटणांचं. बटणं दाबून लिहायचं की यंत्र बोलायचं. बातम्या सांगणाऱ्या माणसाचा आवाज होता त्याचा. आधी आधी लखन 'मले' लिहायचा आणि यंत्र आपल्या शहाणपणानं ते सुधारून 'मला' म्हणायचं. चौकातली पोरं हसायची, लखनभाऊ पुण्याले दत्तक गेले म्हणायची. मग लखननं हट्टानं एकेक शब्द त्याच्या डोक्यात घातला. मले, तुले, काऊन, बह्याड. शिव्या तर गावागणिक वेगळ्या. आजारपणाआधी समुद्रपूरपासून हिंगणघाटापर्यंत कुठंही बैलांच्या शर्यतीचा शंकरपट असला की भोंग्यावर लखनच असायचा. बैल पळायचे चार घटका, लोक मात्र दिवसभर थांबायचे ते लखनच्या टोमण्यांसाठी. गेल्या वर्षी त्यानं हे यंत्र माईकला लावलं आणि बातम्यांच्या आवाजात अख्ख्या पंचक्रोशीची अशी टोपी उडवली, की लोक हसून हसून मातीत बसले.

सोमवारी सकाळी यंत्र सुरू केलं, तर पडद्यावर एवढंच आलं: परवाना तपासता आला नाही. आणि पट येत्या रविवारी. पट कमिटीचे रूपराव आज संध्याकाळी येणार होते, यंत्र बोलते का नाही ते बघायला.

सनई थांबली. "नमस्कार, मी अपेक्षा. मी आपली काय मदत करू शकते?"

"बाई, बोलाची मशीन बंद पडली," अंजू म्हणाली. "परवाना म्हणून राह्यली."

अपेक्षानं यंत्रामागचा नंबर विचारला. अंजूनं वाचून दाखवला. तिकडे खटखट झाली.

"मॅम, हे मॉडेल कंपनीनं बंद केलं आहे. याचा सर्व्हरही बंद झाला आहे. यंत्र दर वर्षी सर्व्हरला विचारून सुरू होतं. आता विचारायला कोणी नाही."

लखननं पाटी ओढली. खडू करकरला. 'तुमच्या बापाले विचारून बंद केलं का? मशीन चांगली हाय, मले फसवू नका, बह्याडायहो.' त्यानं पाटी अंजूच्या नाकापुढं धरली.

"थे म्हणतेत," अंजू म्हणाली, "जरा बघा ना बाई, काई होत असन त."

लखननं डोळे वटारले. पाटीवर बोट आपटलं. अंजूनं पदरानं हात पुसले आणि दुसरीकडे पाहिलं.

"मॅम, बंद मॉडेलसाठी खास विनंती नोंदवता येते," अपेक्षा म्हणाली. "पण ज्यांच्या नावावर यंत्र आहे, त्यांनी स्वतःच्या आवाजात 'मी विनंती करतो' एवढं म्हणायला हवं. कॉल रेकॉर्ड होतोय."

अंजू फोनवर आणखी वाकली.

"बाई," अंजू सावकाश म्हणाली, "त्याईले आवाज असता त मशीन काऊन घेतली असती?"

"मला समजतंय मॅम. पण सिस्टीम पुढं जाऊ देत नाही."

लखननं रुमाल काढला, फोन उचलून गळ्याच्या भोकाला लावला आणि छातीत होता नव्हता तेवढा वारा त्यात सोडला.

"सर, तुमचा आवाज कट होतोय," अपेक्षा म्हणाली.

लखननं फोन खाटेवर टाकला आणि बादलीला लाथ मारली. पाणी अंगणभर झालं. कोंबड्या पळाल्या. पुन्हा पाटी, पुन्हा खडू. या वेळी अक्षरं एवढी मोठी, की पाटीत मावेनात.

"थे म्हणतेत, दुसरा काई उपाय सांगा," अंजू म्हणाली. पाटीवर हे अजिबात नव्हतं.

"एक आहे. यंत्र पूर्ण पुसून नमुना मोडमध्ये टाकता येतं. त्याला परवाना लागत नाही. तुम्ही भरलेलं सगळं जाईल, पण दहा तयार वाक्यं राहतील. मला पाणी हवे आहे. मला वेदना होत आहेत. धन्यवाद. अशी. आणि तुमचा स्वतःचा एक शब्द त्यात भरता येईल."

"एकच?"

"एकच, मॅम."

लखन मटकन खाटेवर बसला. मग एकदम उठला आणि लिहायला लागला. खडू मोडला. उरलेल्या तुकड्यानं लिहीत राहिला. लिहून झाल्यावर त्यानं अंजूचा दंड धरला, पाटी तिच्या हातात कोंबली आणि बोटानं एकेका शब्दावर टकटक केलं. हेच म्हण. जसंच्या तसं.

अंजूनं पाटी वाचली. मग आडवा हात फिरवून सगळी पुसून टाकली आणि कोरी पाटी समोर धरून बोलायला लागली.

"थे म्हणतेत, बोलाची मशीन इकता आन तक्रार बी बोलूनच करा म्हणता. लंगड्याले म्हणाचं, पळत ये आन कुबडी घेऊन जाय. थे म्हणतेत, तुमच्या कंपनीले वाळवी लागो, आन जो हे ठरवते त्याच्या जिभेले लकवा मारो. मंग आमाले फोन करजो म्हणा त्याले. एका शब्दात सांगजो म्हणा."

लखनच्या चेहऱ्यावर तीन दिवसांत पहिल्यांदा समाधान आलं. हे त्याचंच होतं, शब्दाला शब्द. त्यानं मान डोलावली, हात झटकले. झालं त्याचं.

अंजूचं झालं नव्हतं.

"थे म्हणतेत, लोकं त्याईच्या तोंडासमोर मले इचारते, यायले चहा चालते काय? जसा मानूस नाई, बाजारातून गठ्ठा आनला. थे म्हणतेत, मशीन आली तवा वाटलं, आता या बाईची सुटका होईन. कायची सुटका! दिवसभर चौकात मशिनीवर गावाची टिंगल करतेत. घरी आले का बंद. बॅटरी वाचवाची म्हणे. मंग घरात टाळी. पानी पायजे, टाळी. भाजी खारट झाली, दोन टाळ्या. कुत्र्याले बी नाव घेऊन हाका मारते मानूस."

लखन खडूचा तुकडा हातात धरून तिच्याकडे पाहत होता.

"थे म्हणतेत, त्या मशिनीत साऱ्या बैलायची नावं हायेत. तुफान हाय, हिऱ्या हाय, मरून गेलेला सर्जा बी हाय. गिरडच्या टेकडीवर एक माकड प्रसाद पळवते, त्याचं बी नाव हाय. 'अंजू' नाई. रात्री थे झोपल्यावर पायलं. एकूण एक शब्द पायला."



"सर असं म्हणतायत?" अपेक्षानं विचारलं.

अंजूनं पाटीवरून मान वर केली आणि नवऱ्याकडे बघितलं.

"हो," ती म्हणाली. "त्याईचंच म्हननं हाय."

"ताई," अपेक्षाचा आवाज एकदम खाली आला, "सर्व्हर कायमचाच गेला. माह्याच्यानं नाई होत काई. मी खोटं कायले सांगू?"

"मले माईत हाय, पोरी," अंजू म्हणाली. "तुले थोडी शिव्या देऊन राह्यली मी." तिनं पाटी खाटेवर ठेवली आणि करपणाऱ्या भाकरीकडे निघून गेली.

यंत्र कसं पुसायचं ते अपेक्षानं सांगितलं. लखननं एकट्यानंच ते ऐकलं आणि बटणं दाबत गेला. खात्री आहे का, असं यंत्रानं दोनदा विचारलं. मग सगळं गेलं.

संध्याकाळी रूपराव आले. लखननं एक बटण दाबलं.

"मला पाणी हवे आहे," यंत्र म्हणालं.

"वहिनी, भाऊले पानी आना व!" रूपरावांनी आत हाक दिली.

लखननं कपाळावर हात मारला आणि दुसरं बटण दाबलं. मग तिसरं. रूपराव ऐकत गेले, तसा त्यांचा चेहरा पडत गेला.

"लखनभाऊ, असं नाई जमत गा," ते शेवटी म्हणाले. "तिकडं बैल पळून राह्यले आन इकडं तुमाले वेदना होऊन राह्यल्या. हिंगणघाटचा भूपेंद्र बोलावतो मी. रागावू नका."

लखन रागावला. पाटी घेऊन रूपरावांच्या मागं फाटकापर्यंत गेला. त्यानं तिथं काय लिहिलं ते अंजूला दिसलं नाही, पण परत जाताना रूपराव म्हणाले, "बरं बाबा, शेवटची जोडी तुमची. एकच."

रविवारी मैदान भरलं. भूपेंद्र कोवळा होता, चांगला बोलत होता, आणि त्याच्या प्रत्येक टोमण्याला लखन खाली मान घालून जमीन उकरत होता. अंजू बायकांच्या गर्दीत, पुरुषांच्या रांगेमागं शेंगदाणे खात उभी होती. शेवटची जोडी रेषेवर आली तेव्हा भूपेंद्रनं माईक लखनच्या यंत्रापुढं धरला.

"मला वेदना होत आहेत," भोंगा म्हणाला.

मैदान फुटलं. लखन हसला नाही. झेंडी पडली, माती उडाली, जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्यानं शेपट्या पिळल्या. भोंग्यातून बातम्यांचा आवाज सुरू झाला.

"अंजू. अंजू. अंजू. अंजू."

अंजूचा हात पुडीतच राहिला.

"डावा अंजू हाय," तिच्यापुढचा एक म्हातारा म्हणाला.

"हट बे, डावा त सोन्या. उजवा अंजू."

"बैलाचं नाव अंजू ठेवते काय कोनी?"

"आजकाल काईबी ठेवते." मग म्हातारा मागं वळला. "तुले माईत हाय काय वं बाई, कोनता थो?"

जोडी केव्हाच पार झाली होती. भोंगा अजून थांबला नव्हता. अंजूनं तोंडातले शेंगदाणे सावकाश चावून संपवले.

"उजवा," ती म्हणाली. "मारका हाय."