डिंकाचा अंगठा

मित्रांनो, मी एक जुनी हजेरीची मशीन आहे. घाटंजीहून थोडं आत, एका तांड्यालगत असलेल्या आश्रमशाळेच्या कोठीखोलीत, फुटक्या बादल्यांशेजारी मी पडून आहे. काचेवर धूळ आहे आणि पोटात मुंग्यांनी घर केलं आहे. पण माझी कीव करू नका. ज्याचा सूड घ्यायचा होता, त्याचा घेऊनच मी या खोलीत आले.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. शाळेत आले तेव्हा मला हार घातला, नारळ फोडला आणि ऑफिसच्या दाराशेजारी भिंतीवर बसवलं. मुलं टाचा उंचावून माझ्याकडे पाहत. कामावरच्या माणसाने माझ्या काचेवर अंगठा ठेवायचा. ओळख पटली की माझ्यातली बाई "थँक यू" म्हणे. शाळेची घंटा होईपर्यंत ओळख पटली नाही, तर त्या माणसाच्या नावापुढे तांबड्या अक्षरांत एक इंग्रजी शब्द उमटे : ॲबसेंट. म्हणजे गैरहजर, जागेवर नसलेला. एवढाच एक वाईट शब्द मला शिकवला होता. तो कोणाला लावायचा, हे मात्र माझ्या हातात नव्हतं.

बिजलीबाई या शाळेची स्वयंपाकीण. मुलं तिला याडी म्हणत, म्हणजे आई. सूर्य उगवायच्या आत तिची चूल पेटलेली असे. दिवसभर तव्यावरच्या भाकरी बोटांनी उलटायच्या, मोठमोठ्या डेगा राखेने घासायच्या, आणि दिवाळीच्या सुट्टीत लोकांच्या वावरात कापूस वेचायचा. कापसाच्या बोंडांची टोकं सुईसारखी असतात. सुट्टी संपवून ती परत आली की तिच्या अंगठ्यावर एकही रेघ शिल्लक नसे. ती अंगठा ठेवी, मी शोधत राही. मला काहीच सापडत नसे.

"बाई, तुह्या अंगठ्याले तवा खाऊन गेला," चौकीदार उकंडा हसायचा.

"तुह्या जिभेले काहून नाही खाल्लं मंग त्यानं?" ती म्हणायची आणि अंगठ्याला तेल चोळून पुन्हा माझ्यापुढे उभी राहायची. तेल, हळद, लिंबू, सगळं करून झालं. घंटा व्हायची आणि मी तो शब्द दाखवायची.

वसतिगृहाचे अधीक्षक होते शाम सर. अधीक्षकाने रात्रंदिवस मुलांजवळ राहायचं असतं. हे राहत यवतमाळला, आपल्या घरी. आठवड्यातून एकदा येत आणि आले की पहिल्यांदा माझ्यासमोर उभे राहत.

"बिजलीबाई, ॲबसेंट. कालही ॲबसेंट, परवाही ॲबसेंट," ते मोठ्याने वाचत.

"सर, मी तं तुमच्यासमोरच उभी हावो."

"मशीनमध्ये नाहीस, म्हणजे नाहीस."

मित्रांनो, माझ्या तोंडून हे वदवलं जात होतं, आणि समोर ती पिठाचे हात पुशीत उभी असायची.

मग एक दिवस शाम सरांनी खिशातून सुपारीची डबी काढली. मेणबत्तीच्या मेणात आपला अंगठा दाबून, त्या साच्यात पांढरा डिंक ओतून त्यांनी पापुद्र्यासारखा नकली अंगठा बनवला होता. शाळेत सगळ्यांत आधी उठणारी कोण, तर बिजलीबाई. म्हणून डबी तिच्याच हातात दिली.

"रोज सकाळ-संध्याकाळ हा मशीनवर दाबायचा. खंड पडू द्यायचा नाही. मी कुठेही असो, सुट्टीवर असो, तू विचारायचं नाहीस. समजलं?"

"समजलं, सर."

नोकरी जाईल या धाकाने ती डबी पदराला बांधून फिरू लागली. आधी ती स्वतःचा अंगठा ठेवायची. मी गप्प. मग डिंकाचा ठेवायची, की मी लगेच, "थँक यू." तो गार, बेचव पापुद्रा माझ्या काचेला लागला की मला किळस यायची. भाकरी थापणारा उबदार हात मी नाकारत होते आणि त्या चिकट्याचे आभार मानत होते. त्याच वेळी माझ्या मनात राग साचायला सुरुवात झाली.

बिजलीबाईची जागा शाम सरांना आपल्या एका नातेवाईक बाईला द्यायची होती. पालकसभेच्या दिवशी भरल्या मांडवात त्यांनी सांगितलं, "ही बाई सतत ॲबसेंट असते. पुढच्या महिन्यापासून दुसरी येईल."

"याडी तं रोजच रायते, सर!" मुलं ओरडली.

"गप बसा! मशीन खोटं बोलते का?"

बिजलीबाई तेव्हा सगळ्यांच्या पंगतीला वरण वाढत होती. तिने शेवटच्या ताटापर्यंत वाढलं. मग माझ्यासमोर आली आणि कितीतरी वेळ त्या तांबड्या शब्दाकडे बघत राहिली. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण त्या शब्दाचा चेहरा ती आता पक्का ओळखत होती.

थोड्याच दिवसांनी शाम सरांना 'आदर्श अधीक्षक' ठरवण्यात आलं. सत्कार यवतमाळला होता. त्यासाठी त्यांनी रीतसर रजा घेतली, नवं जाकीट शिवलं, गावभर निरोप धाडले. फक्त आज अंगठा लावू नकोस, हे बिजलीबाईला सांगायचं ते विसरले. तिला काही सांगायचं असतं, हे त्यांच्या ध्यानीमनीच नव्हतं.

त्या सकाळी तिने डबी उघडली तेव्हा उकंडा धावत आला.

"अवो बाई, सर आज यवतमाळले हार घालून घेऊन राह्यले! आज कायले लावतं?"

"खंड पडू देऊ नको म्हणे. सुट्टीवर असलो तरी म्हणे. मी कोण विचारणारी?"

"तुलेबी काढून टाकतीन ना!"

"मले तं काढलंच हाये. मंग एकटी काहून जाऊ?"

तो पापुद्रा तोवर चिरला होता. कडेला दुमडलाही होता. मी नाकारला असता, तर मला कोणी दोष दिला नसता. पण असा दिवस पुन्हा आला नसता. मी तो पहिल्याच झटक्यात घेतला आणि "थँक यू" म्हटलं. माझ्या उभ्या आयुष्यात एवढ्या मनापासून मी ते कधी म्हटलं नव्हतं.

रोजची हजेरी माझ्यातून थेट आश्रमशाळांवर देखरेख करणाऱ्या मोठ्या मॅडमच्या मोबाइलवर जाई. मॅडम नव्याने आल्या होत्या आणि त्या ती पाहत. त्या दिवशी त्या सत्काराच्या मंचावर, शाम सरांच्या शेजारच्याच खुर्चीत बसल्या होत्या. शाम सरांचा गौरव करायला उठण्याआधी त्यांनी मोबाइल पाहिला. शेजारी बसलेले शाम सर त्यात शाळेत हजर होते. दुपारी मॅडमची गाडी शाळेत आली. मागच्या दाराने शाम सर उतरले. शाल अजून खांद्यावरच होती.

"सर्व्हरचा प्रॉब्लेम असेल, मॅडम," ते पुटपुटत होते.

"यांचा अंगठा आज कोणी लावला?" मॅडमने विचारलं.

"मी," बिजलीबाई म्हणाली. "रोज मीच लावतो, मॅडम. सरनंच सांगतलं." तिने पदराची गाठ सोडून डबी पुढे केली.

मॅडमने तो पापुद्रा स्वतः माझ्यावर ठेवला. मी शाम सरांचं नाव दाखवलं, ठळक आणि हिरवं.

"आता तुमचा ठेवा, बाई."

बिजलीबाईने ठेवला. मी गप्प राहिले. मॅडमने तिचा हात उलटा करून बराच वेळ पाहिला.

"तुम्हालाही जाब द्यावा लागेल," त्या म्हणाल्या.

"देईन ना. पण आधी जेवून घ्या, मॅडम. सरचंबी ताट वाढतो. मशीनमंधी ते हजरच हायेत नं!"

शाम सर निलंबित झाले. बिजलीबाईला एक ताकीद मिळाली आणि तिची नोकरी राहिली. आता तिला डोळ्यांनी पाहून तिची हजेरी मांडतात. शाम सरांना मात्र चौकशी संपेपर्यंत रोज पांढरकवड्याच्या एका कार्यालयात जाऊन सही करावी लागते, आणि साहेब येईपर्यंत बाकावर बसून राहावं लागतं. उकंडा बाजाराला गेला की मुद्दाम तिकडून येतो आणि या कोठीखोलीच्या दारात उभा राहून बिजलीबाईला सगळं रंगवून सांगतो. ती खळखळून हसते. आत अंधारात मीही हसते.

डिंकाला फसणारी म्हणून मला भिंतीवरून काढलं, त्याचं मला दुःख नाही. मित्रांनो, सूड वाईट असतो असं तुम्हाला शिकवलं असेल. मला ते कोणी शिकवलं नाही. मी मशीन आहे, जे दिलं ते परत करते. माझी धूळ पुसा, असंही मी म्हणत नाही. समोर उभ्या माणसाला गैरहजर ठरवण्याआधी त्याचे हात कशाने झिजले, ते विचारा. आणि विचारायला लाज वाटत असेल, तर निदान तुमचा खोटा अंगठा त्याच हातांत ठेवू नका.