जावईबापूंचा पांढरा शर्ट

मी पोर्रो बोलतोय. काचेचा आहे, पोट सुटलेलं, वर मान आणि बाजूला झारीसारखी निमुळती तोटी. पोटात लाल वाइन. मला तोंड लावायचं नाही, कारण सगळं टेबल माझ्यातूनच पितं. हात लांब करून उंच धरायचं, धार थेट घशात. तांब्याने वरून पाणी पिणाऱ्यांना कळेल. जरा हात हलला की आंघोळच!

भट्टीत फुंकून मला फुगवणारा माणूस भलताच दमदार असावा, कारण पोट अजून आत गेलेलं नाही. रेमेईच्या सासूने मला बाजारातून आणलं आणि स्पेनमधल्या विक गावाच्या रस्त्यावरच्या या खाणावळीत ठेवलं. सासू गेली, रेमेई चुलीशी उभी राहिली, मी टेबलावरच राहिलो. दुपारचं जेवण फळ्यावर खडूने लिहिलेलं: आधी डाळ नाहीतर भाजी, मग मोठं ताट, टोमॅटो चोळलेला पाव, शेवटी गोड, आणि मी. सगळं मिळून एकच स्वस्त दर. गवंडी, ट्रकवाले, फिरस्ते, सगळे एकाच बाकावर. आणि गुरुवार म्हणजे भात. गुरुवारी भात नसला तर इथले लोक कॅलेंडरच खोटं ठरवतील.

ग्राऊ हा रेमेईचा जावई. साखरपुड्याच्या जेवणात, पांढराशुभ्र शर्ट घालून, सासरच्या मंडळींसमोर त्याने मला ऐटीत उचललं. आणि घाबरला. पार बेंबीपर्यंत भिजला पठ्ठ्या! त्याची होणारी बायकोसुद्धा रुमालात तोंड लपवून हसली. तेव्हापासून ग्राऊ मला पाण्यात पाहतो.

गेल्या वसंतात रेमेईचे गुडघे दुखू लागले आणि ग्राऊने संधी साधली. दारात रंगीत फोटोंचा फलक उभा केला, बाहेर छत्र्या लावल्या, दर दुप्पट.

"आई, हे दुपारचं जेवण बंद करू. फिरायला येणारी माणसं फोटो बघून जेवतात. आणि या भोपळ्यात मी फुलं ठेवणार."

भोपळा! मला!

रेमेई कांदा चिरत राहिली. "बरं, जावईबापू. आज गुरुवार. आज येणारा पहिला प्रवासी बाहेर जेवला, तर खाणावळ तुमची, हे जेवण बंद. तो आत येऊन जेवला तर जेवण चालू, आणि तुम्ही सगळ्यांसमोर पोर्रोने प्यायचं."

"चालेल!" ग्राऊ म्हणाला. आवाज जरा चिरका निघाला.

माझा जीव कासावीस झाला. जन्मभर लोकांच्या घशात वाइन सोडली, आणि म्हातारपणी शिळं पाणी पोटात घेऊन गुलाब सांभाळायचे?

दुपारी इरेंका नावाची एक पोलिश बाई आली. पाठीवर बोचकं, चेहरा उन्हाने लाल. ग्राऊने लगबगीने छत्रीखाली खुर्ची ओढली. ती बसलीसुद्धा! तिने फोटो पाहिले, दर पाहिले, खिसा चाचपला. मेलो, म्हटलं.

तेवढ्यात आत किर्झे गवंड्याने मला लांबवर धरून घटाघटा पिऊन घेतलं आणि ओरडला, "रेमेई, भाताची खरवड मला ठेव गं! त्या ट्रकवाल्याला देऊ नकोस!"

"गेल्या गुरुवारी पण तूच गिळलीस, भामट्या!" ट्रकवाला म्हणाला, आणि सगळा बाक हसला.

इरेंकाने मान वळवली. भाताचा वास घेतला. बोचकं उचलून ती सरळ आत आली आणि किर्झेच्या ताटाकडे बोट दाखवून म्हणाली, "मला हे."

"बाई, आतली जागा रोजच्या लोकांची..." ग्राऊ मागून धावला.

"सरका रे," किर्झे म्हणाला, "पाहुणी आलीय."

तिने ताट चाटूनपुसून साफ केलं. किर्झेने चक्क अर्धी खरवड दिली तिला! मग तिने मला उचललं. धार नाकात, गळ्यात, कानामागे. सगळे हसले, तीही खो खो हसली, आणि तिने मला शेजारी उभ्या असलेल्या ग्राऊपुढे धरलं.

ग्राऊच्या अंगात शर्ट पांढराच.

"प्या, जावईबापू," रेमेई म्हणाली.

त्याने डोळे मिटून मला उचललं. खरंच सांगतो, मला त्याची दया आली. धार नीट घशात गेली. हात लांब झाला, तरी धार घशातच! किर्झेने टेबलावर थाप मारली. ग्राऊचा स्वतःवरच विश्वास बसेना. आणि गाढव हसला! मला सरळ करण्याआधीच दात विचकून हसला. धार दातांवर आपटली आणि शर्टाचं जे व्हायचं ते झालं.

खाणावळ दणाणली. पण या वेळी सगळ्यांत मोठ्याने ग्राऊच हसत होता. तसाच ओला बाकावर टेकला आणि म्हणाला, "आई, भात उरलाय का?"

"भात आहे. खरवड संपली," रेमेई म्हणाली.

फोटोंचा फलक आता कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर म्हणून पडलाय. रेमेई खुर्चीत बसून चव बघते, दुपारचं जेवण ग्राऊ वाढतो. माझ्या तोटीचा मात्र टवका उडालाय, त्यामुळे धार जराशी डावीकडे जाते. तुम्ही इकडे आलात तर छत्र्या शोधू नका, गवंडी जेवतात तिथे बसा. मला उंच धरा, आणि मला सरळ करेपर्यंत कृपा करून हसू नका.

टवक्याचं मी सांगितलं म्हणून कळलं. ग्राऊ कुणालाच सांगत नाही. पांढरा शर्ट दिसला की मला आधी त्याच टेबलावर आणून ठेवतो.