लढता न येणारा पेशंट

डॉक्टरबाई सकाळी म्हणाल्या, "आता लढायचं." मागोमाग नर्सही तेच म्हणाली. मेहुणा तर वॉर्डच्या दारातूनच गरजला, "भावोजी, शत्रूला लोळवायचं!" तो व्यायामशाळा चालवतो, घरात त्याला पैलवानच म्हणतात.

कॉटवरच्या मुद्रितशोधकाने चष्मा पुसला. "शत्रू म्हणजे माझंच आतडं ना? मग मी कुणाच्या बाजूने?"

त्याची सगळी नोकरी छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेली होती. बसमधल्या सीटवरूनही तो कधी कुणाशी भांडला नव्हता. सलाईनमधून औषध सुरू करायचं की नाही, हे आज सांगायचं होतं, आणि त्याने नाही म्हणून टाकलं होतं.

"मला लढणं जमत नाही. उद्या हरलो, तर म्हणाल, नीट लढला नाही."

"ताई, तू तरी समजाव भावोजींना!" मेहुणा बहिणीला म्हणाला.

"पैलवान, तू आधी चहा घेऊन ये. आणि जिना चढताना ओरडू नकोस."

पैलवान गेला. बायको कॉटच्या कडेला टेकली.

"अहो, डॉक्टरबाईंनी समजावलं ते ऐकलंत ना? पेशी स्वतःची नक्कल काढते. एका नकलेत चूक झाली आणि आता तीच छापली जातेय. छपाईतल्या चुकीला तुम्ही काय म्हणता?"

"मुद्राराक्षस."

"राक्षसच की. कधी तलवार घेऊन धावलात त्याच्या अंगावर?"

त्याला हसू फुटलं. त्याने बोटाने चादरीच्या कडेला एक खूण काढली. म्हणाला, "समासात खूण करायची. काढून टाकायचा."

"मग तेवढंच करायचंय."

"या औषधात चांगली अक्षरंही जातात. केस जातील."

"जाऊ देत. पुढच्या आवृत्तीत घालू."

"शेवटच्या प्रुफातही एखादी चूक राहून जाते. ठाऊक आहे ना तुला?"

तिने त्याच्या पायांवरचं पांघरूण उगीचच सारखं केलं.

"ठाऊक आहे. म्हणून काही तुम्ही तपासायचं सोडलं नव्हतं."

नर्स ट्रे घेऊन आत आली. "काय काका, ठरलं का लढायचं?"

"नाही. पण सुई लावा." त्याने उजवा हात पांघरुणात घेतला आणि डावा पुढे केला. "या हाताला. पेन्सिल मी त्या हाताने धरतो."