घासून लख्ख

नौदलाच्या नेमबाजीच्या सरावात लक्ष्य म्हणून जे छोटं बिनमाणशी विमान उडवतात, त्याचं जेट इंजिन रुचिराची टीम बनवत होती. मेलं जमिनीवर गुणी बाळासारखं चालायचं आणि समुद्रावर गेलं की विझायचं. का, ते कळायची सोय नव्हती, कारण पडलेलं प्रत्येक इंजिन समुद्राने गिळलं होतं. काल मात्र एक मांडवीच्या मच्छीमार अलीचाचांच्या जाळ्यात आलं. आतली काजळी कुठे, कशी धरलीय ते पाहिलं की ज्योत का मेली ते कळणार, म्हणून रुचिरा धावतच जेटीवर गेली.

अलीचाचांनी गोणपाट काढलं. इंजिन पितांबरीने घासलेल्या तांब्यासारखं लखलखत होतं.

“खाऱ्या पाण्यात पडलेलं इंजिन तसंच ठेवलं तर संपलं,” चाचा म्हणाले. “रातोरात खोललं, गोड्या पाण्यानं धुतलं, डिझेल लावून घासलं. होडीच्या इंजिनाला आम्ही हेच करतो.”

रुचिराच्या मस्तकात तिडीक गेली. तिला हवी होती ती काजळी चाचांच्या नखांत होती.

“पुढचं पडलं तरी घाबरू नको, पोरी,” ते म्हणाले. “असंच करून देतो.”

आणि आता पुढचंही पडणारच होतं.